नेमोचा देश कोणता? किशोरांसाठीच्या एका क्रमशः साहसकथेतील संपादकीय तडजोडीचा प्रकरण अभ्यास

1869च्या वसंतात पॅरिसमधल्या एका पाक्षिकात किशोरवयीन वाचकांसाठी एक सागरी साहसकथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती. पहिले हप्ते घरोघरी वाचले जात होते, आणि तरीही कथेचा नायक कोणत्या देशाचा आहे, तो कोणाचा आणि कशाचा सूड घेतो आहे, यावर लेखक आणि प्रकाशक यांचे एकमत झालेले नव्हते. लेखक होता ज्यूल व्हर्न, प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल, आणि कादंबरी होती ‘समुद्राखाली वीस हजार लीग’. कॅप्टन नेमो आणि त्याची नॉटिलस ही पाणबुडी आज जगभर परिचित आहेत, पण नेमोला त्याचे राष्ट्रीयत्व कसे नाकारले गेले आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कादंबरीत ते कसे बहाल झाले, हा इतिहास मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेला नाही. ते राष्ट्रीयत्व अखेर भारतीय ठरले, त्यामुळे या प्रकरणाशी आपला संबंध केवळ कुतूहलाचा राहत नाही.

वाद समजण्यासाठी ते नियतकालिक काय होते हे आधी पाहिले पाहिजे. एत्झेलने शिक्षणतज्ज्ञ जाँ मासे यांच्या साथीने 20 मार्च 1864 रोजी हे पाक्षिक सुरू केले. शिक्षण आणि रंजन हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच होते. पहिल्याच अंकापासून व्हर्नची उत्तर ध्रुवाच्या शोधावरची कादंबरी क्रमशः सुरू झाली. हे पाक्षिक मुलांच्या हाती जाण्यापूर्वी आईवडिलांच्या नजरेखालून जाईल, हे धरूनच त्याची आखणी केलेली होती. एत्झेलचा व्यवहार असा असे की एकच मजकूर आधी पाक्षिकातून हप्त्याहप्त्याने द्यायचा, मग चित्रांविना स्वस्त खंड काढायचा आणि अखेरीस नववर्षाच्या भेटीसाठी सोनेरी नक्षीच्या कापडी बांधणीची भव्य सचित्र आवृत्ती काढायची. एका कथेला तीन वेळा ग्राहक मिळवायचे असल्यामुळे एखाद्या परिच्छेदाने एक घर दुखावले, तर नुकसान एका अंकापुरते राहत नसे.

एत्झेलला भित्रा व्यापारी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. 1848च्या क्रांतीनंतरच्या सरकारात त्याने काम केले होते, डिसेंबर 1851च्या सत्तापालटानंतर त्याला ब्रसेल्समध्ये परागंदा व्हावे लागले होते, आणि त्या वनवासातही त्याने नेपोलियन तिसऱ्यावर आसूड ओढणाऱ्या व्हिक्टर ह्यूगोच्या कविता छापण्याचे धाडस केले होते. मुलांसाठी तो स्वतः पी.-जे. स्ताल या टोपणनावाने लिहीत असे. राजकारणाची किंमत मोजलेला हा माणूस मुलांच्या पाक्षिकात राजकारण नको म्हणतो, तेव्हा त्यामागे केवळ गल्ला नसतो. कुटुंबासाठीचे वाचन कसे असावे याबद्दलची त्याची एक ठाम धारणाही त्यामागे असते. ती मला पूर्णपणे पटत नाही, पण तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही.

व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश सरदार होता. जानेवारी 1863मध्ये पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो अत्यंत निर्घृणपणे चिरडला गेला. फाशी, सैबेरियात हद्दपारी, जमिनींची जप्ती यांच्या बातम्या फ्रान्समध्ये येत होत्या आणि पॅरिसमध्ये पोलिश निर्वासितांची मोठी वस्ती होती. एत्झेलला लिहिलेल्या पत्रात व्हर्नने आपल्या नायकाची पार्श्वभूमी निःसंदिग्धपणे मांडली आहे: मुलींवर बलात्कार झालेले, बायको कुऱ्हाडीने मारली गेलेली, बाप चाबकाच्या फटक्यांखाली मेलेला, मित्र सैबेरियात संपलेले, आणि स्वतःचे राष्ट्र युरोपच्या नकाशावरून पुसले जाताना पाहणारा हा माणूस आहे. अशा माणसाला रशियन युद्धनौका दिसतील तिथे बुडवण्याचा अधिकार नसेल तर सूड या शब्दाला काही अर्थच उरत नाही, आणि आपण त्याच्या जागी असतो तर कोणत्याही पश्चात्तापाविना तेच केले असते, असे त्याने लिहिले. किशोरांच्या पाक्षिकाच्या संपादकाला एखाद्या लेखकाने इतक्या तळमळीने लिहिलेली पत्रे मी फार थोडी वाचली आहेत.

एत्झेलच्या अडचणी दोन प्रकारच्या होत्या आणि त्या वेगवेगळ्या तोलायला हव्यात. पहिली अडचण राजकीय आणि व्यापारी होती. रशियातील सुशिक्षित वर्ग फ्रेंच वाचत असे, व्हर्नच्या पुस्तकांना तिथे मोठी मागणी होती आणि त्यांची रशियन भाषांतरेही होत होती. फ्रान्सचे सरकार रशियाशी बिघाड टाळू पाहत होते. त्यातच 6 जून 1867 रोजी, पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी आलेला झार अलेक्झांडर दुसरा याच्यावर एका पोलिश तरुणाने भर पॅरिसात गोळी झाडली होती. त्या घटनेला दोन वर्षेही झालेली नसताना, रशियन जहाजे बुडवणारा पोलिश सूडकरी मुलांच्या पाक्षिकात नायक म्हणून उभा करणे म्हणजे काय, हे आपणही समजू शकतो. दुसरी अडचण नैतिक होती. तोवर वाचकांनी ज्याच्या विद्वत्तेवर आणि औदार्यावर जीव लावला तो नेमो एक जहाज माणसांसकट तळाशी धाडतो, तेव्हा बालवाचकाने त्याच्याकडे कसे पाहायचे? एत्झेलने तोडगा सुचवला की नेमोला गुलामांच्या व्यापाराचा शत्रू करावे आणि बुडणारे जहाज गुलामांची ने-आण करणारे दाखवावे. म्हणजे कोणत्याही सरकारला राग येणार नाही आणि वाचकाची सहानुभूतीही टिकेल.

व्हर्नने तो तोडगा नाकारला. त्याची भूमिका साधारण अशी होती की द्वेषाचे खरे कारण सांगता येत नसेल तर खोटे कारण सांगण्यापेक्षा कारण, नायकाचे पूर्वायुष्य आणि राष्ट्रीयत्व या सगळ्यांबद्दल मौनच पाळू. या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. लेखकाने हार मानली असे वरवर दिसते, पण त्याने आपल्या नायकाची वेदना कोणत्याही सोयीच्या वेदनेशी बदलू दिली नाही. तिच्यावरचे नाव तेवढे त्याने खोडले.

20 मार्च 1869 ते 20 जून 1870 या काळात ही कादंबरी हप्त्यांनी चालली, आणि ज्या वाचकाला पत्रव्यवहार माहीत आहे त्याला छापलेल्या मजकुरात त्या मौनाच्या खुणा जागोजागी सापडतात. नेमोच्या खोलीतल्या भिंतीवरची चित्रे पाहा. कथेचा निवेदक प्राध्यापक आरोनाक्स याला तिथे दिसतात ते कोश्चुश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओ’कॉनेल, वॉशिंग्टन, व्हेनिसचा मानिन, लिंकन, आणि फासावर लटकणारा जॉन ब्राउन. या यादीत पहिले नाव पोलंडच्या स्वातंत्र्ययोद्ध्याचे आहे. नायकाला पोलिश म्हणता येत नव्हते, पण त्याच्या भिंतीवर पोलंड टांगायला कोणी मनाई केली नव्हती. क्रीटच्या किनाऱ्याजवळ नेमो एका ग्रीक पाणबुड्याला खूण करतो आणि मग सोन्याने भरलेली पेटी बाहेर धाडतो, आणि तुर्की सत्तेविरुद्धचा क्रीटचा उठाव तर कादंबरी लिहिली जात असताना प्रत्यक्ष चालू होता.

मन्नारच्या आखातातला प्रसंग मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. श्रीलंकेजवळच्या मोत्यांच्या शिंपल्यांच्या पट्ट्यात एक गरीब भारतीय पाणबुड्या दोन पायांत दगड धरून बुडी मारतो, दहाएक शिंपले उपटतो आणि श्वास संपला की वर जातो. शार्क त्याच्यावर झेपावते तेव्हा नेमो हातात केवळ सुरा घेऊन तिच्या अंगावर जातो, भालाफेक्या नेड लँडच्या मदतीने तिला मारतो, त्या माणसाला शुद्धीवर आणतो आणि त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. माणुसकीवर बहिष्कार टाकलेल्या माणसाने हे का केले, असे आरोनाक्स सुचवू पाहतो तेव्हा नेमो म्हणतो की तो भारतीय पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे, आणि मीही अजून त्याच देशाचा आहे, अखेरच्या श्वासापर्यंत राहीन. पोलंडचे नाव घेता येत नसल्यामुळेच व्हर्नला हा देश सापडला, असे माझे मत आहे. पीडितांचा देश नकाशावर नसतो, म्हणून त्यात पोलिश सरदारही मावतो आणि तूतिकोरीनच्या बाजूचा पाणबुड्याही.

ज्या जहाजावरून वाद पेटला ते अखेर निशाणाविनाच बुडाले. ते युद्धनौका आहे हे कळते, ते आधी तोफा डागते हेही कळते, पण कोणत्या देशाचे हे आरोनाक्सला ओळखता येत नाही. मीच कायदा आहे, मीच न्याय आहे, मी पीडित आहे आणि तो पाहा पीडक, असे नेमो गर्जतो. जहाज तळाशी गेल्यावर तो एका तरुण स्त्रीच्या आणि दोन लहान मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. चित्रातली माणसे कोण, ती कशी गेली, याबद्दल एक शब्द नाही. क्रमशः वाचणाऱ्या मुलांनी सव्वा वर्ष या उत्तराची वाट पाहिली आणि त्यांना ते मिळालेच नाही. आणखी एका महिन्याने फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले.

कलाकृती म्हणून पाहिले तर एत्झेलच्या दडपणाने या कादंबरीचे भलेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि मर्यादित अर्थाने ते खरेही आहे. नाव सांगितलेला पोलिश सरदार एका दशकाचा नायक झाला असता. अनामिक राहिल्यामुळे प्रत्येक पराभूत समाजाला तो आपला वाटू शकला. पण या तर्काला एक बाजू अशी आहे की तिच्याकडे डोळेझाक करू नये. 1869मध्ये जिवंत असलेल्या, सैबेरियात खितपत पडलेल्या माणसांची कहाणी फ्रान्सच्या या कुटुंब-पाक्षिकातून घरोघरच्या मुलांपर्यंत पोचू शकली असती. ती पोचली नाही. कादंबरी अधिक चांगली झाली म्हणून ते नुकसान भरून निघत नाही.

दुसरा अध्याय 1874मध्ये सुरू होतो. एका निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांची एक जुनी कादंबरी एत्झेलने परत केली होती. व्हर्नने तिचा सांगाडा पूर्ण बदलून ‘रहस्यमय बेट’ लिहिली, आणि ती 1 जानेवारी 1874पासून 15 डिसेंबर 1875पर्यंत त्याच पाक्षिकात चालली. अमेरिकेच्या यादवी युद्धातून फुग्यात बसून निसटलेले पाच जण पॅसिफिकमधल्या बेटावर पडतात आणि संकटाच्या प्रत्येक क्षणी कोणीतरी अदृश्य हात त्यांना तारतो. क्रमशः कथेसाठी यापेक्षा चांगला आधार सापडणे कठीण, कारण दर हप्त्याला कोडे वाढत जाते आणि उत्तर मात्र दोन वर्षांनी मिळते. उत्तर असे की बेटाच्या पोटातल्या गुहेत नॉटिलस आहे आणि तिच्यात म्हातारा, एकटा उरलेला नेमो आहे.

मृत्युशय्येवर तो आपली ओळख देतो. तो राजपुत्र डक्कर आहे: त्या वेळी स्वतंत्र असलेल्या बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानचा भाचा किंवा पुतण्या. बापाने त्याला दहाव्या वर्षी युरोपात शिकायला धाडले, कारण आपल्या देशाच्या पीडकांशी त्याने एक दिवस बरोबरीच्या शस्त्रांनी लढावे अशी त्याची गुप्त इच्छा होती. तिसाव्या वर्षापर्यंत विज्ञान, कला, राजकारण शिकत तो सारा युरोप हिंडला, पण इंग्लंडात त्याने पाऊल ठेवले नाही. 1857चा उठाव झाला तेव्हा, व्हर्नच्या शब्दांत, तो त्या उठावाचा आत्मा होता. आईवडील, बायको, मुले सगळी बळी गेली, त्याच्या डोक्यावर इनाम लागले, आणि हाताशी उरलेले विश्वासू साथीदार घेऊन त्याने पॅसिफिकमधल्या एका ओसाड बेटावर नॉटिलस बांधली.

इतिहासाच्या कसोटीवर हे चरित्र टिकत नाही. बुंदेला राजघराणे आणि म्हैसूरचा टिपू यांचे असे नाते जुळण्याची शक्यता नाही, आणि श्रीरंगपट्टणात 1799 सालीच टिपू मारला गेला होता. व्हर्नने टिपूचे नाव घेतले याचे कारण मला फ्रेंच स्मृतीत दिसते. टिपू हा इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांशी मैत्री करणारा सुलतान होता, आणि फ्रेंच वाचकाला त्या एका नावातून डक्करचा इंग्रजद्वेष समजून येत असे. खऱ्या बुंदेलखंडात 1857-58 साली कोण होते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. झाशीची राणी लक्ष्मीबाई होती, काल्पीला तात्या टोपे होता, बांद्याचा नवाब अली बहादूर तर थेट बाजीराव-मस्तानीच्या वंशातला होता. फ्रान्समध्ये बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्या लेखकाने नेमकी हीच भूमी निवडावी, हा मला सुखद योगायोग वाटतो. दोन्ही कादंबऱ्यांतल्या तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. नेमो आरोनाक्सबरोबर महासागर पालथे घालत असतो त्याच वर्षांत तो बेटाखाली एकाकी म्हातारपण काढताना दाखवला आहे, आणि वाचक हे पकडणार हे ओळखून या विसंगतीबद्दल कादंबरीत तळटीप घालावी लागली.

पोलिश नेमोला जे नाकारले गेले ते भारतीय नेमोला का मिळाले? सरळ उत्तर असे की रशियाला दुखावणे धोक्याचे होते, पण फ्रेंच कुटुंबात बसून इंग्रजांच्या अत्याचारांबद्दल बोलणे त्या मानाने सोपे होते. म्हणजे आपल्याला मिळालेला हा नायक अंशतः एका बाजारपेठेच्या भीतीतून आला आहे. त्याने तो माझ्या लेखी कमी मोलाचा ठरत नाही. युरोपातल्या मुलांसाठीच्या त्या काळच्या साहसकथांत भारतीय माणूस बहुधा चाकर, गारुडी किंवा ठग म्हणून येई, आणि इथे तो त्या शतकातला सर्वांत मोठा अभियंता, संगीतज्ञ आणि समुद्रशास्त्रज्ञ आहे. मात्र व्हर्नची सहानुभूती शेवटपर्यंत टिकत नाही हेही नोंदवले पाहिजे. डक्करची कहाणी ऐकल्यावर अमेरिकन अभियंता सायरस स्मिथ त्याला सांगतो की भूतकाळ पुन्हा जिवंत करता येईल असे मानणे ही तुमची चूक होती आणि तुम्ही अटळ प्रगतीविरुद्ध लढलात. स्वातंत्र्याची लढाई ही प्रगतीविरुद्धची लढाई, हे वाक्य मुलांच्या हाती स्पष्टीकरणाविना देऊ नये, असे मला वाटते.

नेमोचा शेवटचा उच्चार हा संपादकीय हस्तक्षेपाचा सर्वांत ठळक पुरावा आहे. व्हर्नच्या हस्तलिखितात तो ‘स्वातंत्र्य!’ म्हणून प्राण सोडतो. छापलेल्या पुस्तकात मात्र तो ‘देव आणि देश!’ असे पुटपुटतो. हा बदल एत्झेलच्या आग्रहाचा आहे, आणि 1869चे मौन जसे समर्थनीय होते तसा तो नाही. मौनाने नायकाला काही खोटे बोलायला लावले नव्हते. इथे मात्र ज्याने आयुष्यभर कोणत्याही देवळाची वा राज्याची सत्ता मानली नाही, त्याच्या तोंडी कुटुंबवत्सल पाक्षिकाला शोभेलसा निरोप घातला गेला. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाने पोलिश सरदार आणि बुंदेलखंडाचा राजपुत्र एका ओळीत आले असते, दोन कादंबऱ्यांचा सांधा पक्का झाला असता, आणि मुलांचे त्याने काहीही बिघडले नसते.

यापुढचा प्रवास आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण व्हर्न भारतात प्रामुख्याने इंग्रजीतून आला. नॉटिलसच्या पहिल्या कादंबरीचे लुइस मर्सिए यांनी केलेले 1872-73चे इंग्रजी भाषांतर सुमारे पाव मजकूर गाळून झाले. ‘रहस्यमय बेट’चे 1875चे भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर निघाले, ते प्रत्यक्षात त्यांच्या पत्नी ॲग्नेस किंग्स्टन यांचे होते, आणि त्यात डक्करचे चरित्र उलटे करून लिहिले गेले. मूळ फ्रेंचमध्ये जो उठावाचा आत्मा आहे, तो या भाषांतरात महत्त्वाकांक्षेपायी सहज ओढला गेलेला राजपुत्र होतो. इंग्रजांनी देशाला अराजकातून बाहेर काढून शांतता आणि भरभराट दिली होती आणि अडाणी, अंधश्रद्ध जनता कावेबाज सरदारांच्या हातचे बाहुले झाली, असा मजकूर भाषांतरात घातला गेला. हा मजकूर व्हर्नचा नाही, आणि तरीही शंभरहून अधिक वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी तो व्हर्नचा म्हणूनच वाचला. 2001 साली सिडनी क्राविट्झ आणि जॉर्डन स्टम्प यांची दोन नवी संपूर्ण भाषांतरे निघाली, पण जुने भाषांतर हक्कमुक्त असल्यामुळे स्वस्त आवृत्त्यांत आजही तेच फिरत असते. एत्झेलने नायकाची जीभ धरली होती. या भाषांतराने त्याला विरुद्ध पक्षात उभे केले, आणि ज्या देशाचा तो नायक त्याच देशातल्या मुलांपुढे असा उभा केला, याचा राग मला आजही येतो.

एत्झेलची रशियाबद्दलची सावधगिरी पुढेही कायम राहिली. ‘मिशेल स्ट्रोगॉफ’ या व्हर्नच्या 1876च्या कादंबरीचे मूळ शीर्षक ‘झारचा दूत’ होते, ते बदलले गेले, आणि हस्तलिखित रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हच्या नजरेखालून तसेच रशियन राजदूताकडून तपासून घेतले गेले. भारताकडेही व्हर्न 1879-80मध्ये याच पाक्षिकातून पुन्हा वळला. वाफेवर चालणाऱ्या यांत्रिक हत्तीच्या त्या कथेत नानासाहेब पेशवा सूडाने पेटलेला प्रतिपक्षी म्हणून येतो आणि कथनाची सहानुभूती इंग्रज कर्नलकडे झुकते. डक्करच्या निर्मात्याची भारतीय उठावाबद्दलची भूमिका स्थिर नव्हती, हे त्यावरून दिसते.

मराठीत व्हर्न रुजवण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवतांना जाते, आणि त्यांच्या ओघवत्या कथनामुळे अनेक पिढ्यांना समुद्र, फुगे आणि चांद्रप्रवास यांची गोडी लागली. आज मुलांसाठी या दोन कादंबऱ्यांची नवी मराठी आवृत्ती जो कोणी करील, त्याने मूळ फ्रेंच मजकूर समोर ठेवून किमान चार जागा ताडून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे: नेमोच्या भिंतीवरची चित्रे, मन्नारच्या आखातातले त्याचे उत्तर, ‘रहस्यमय बेट’मधले 1857बद्दलचे परिच्छेद, आणि मृत्यूच्या क्षणीचा उच्चार. संक्षेप करताना सर्वांत आधी कात्री लागते ती याच जागांना, कारण त्यांत ना शार्क आहे ना ज्वालामुखी. शेवटच्या उच्चारासाठी छापील पाठच ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा, पण त्याच पानावर खाली हस्तलिखितातला शब्दही द्यावा. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला दोन पाठ शेजारी शेजारी वाचता येतात आणि त्यांतला कोणता नेमोचा, हे त्याचे त्याला ठरवता येते.